एएम लावायचं कुठे आणि वायर कापायची किती

मागच्या अंकात हॅम म्हणजे हौशी रेडिओवरच्या एएमबद्दल (आवाजाने लहरीची उंची कमीजास्त करून बोलायची जुनी पद्धत) चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच लागला. बरीचशी पत्रं दोनच गोष्टींवर आहेत, एक म्हणजे एएमवाल्यांनी बसायचं कुठे, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, आणि दुसरी घरी केलेला अँटेना. सगळी घेता येणार नाहीत, पण ज्यांचं उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल अशी निवडली आहेत.

प्रश्न: ताई, लायसन्स मिळून चारच महिने झालेत. कुठेतरी वाचलं की २० मीटर बँडवर एएमची जागा १४.२८६ मेगाहर्ट्झ, म्हणून रिग (रेडिओ सेट) एएमला लावून तिथे सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) दिला, तर दोन मिनिटांत एक जण एसएसबीवर (एएमच्या निम्म्या जागेत बोलायची पद्धत) येऊन चिडून बोलला की तुम्ही आमच्यावर येऊन बसलात. मी आधी ऐकलं होतं, काहीच नव्हतं. चूक कोणाची?

उत्तर: चूक कोणाची ते नंतर बघू, आधी आकडे बघा. १४.२८६ हे एएमचं कॉलिंग (एकमेकांना हाक मारायची जागा) म्हणून बऱ्याच यादीत असतं हे खरंय, पण त्याला चिकटून १ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे १४.२८५ ला, क्यूआरपीवाल्यांचं, म्हणजे कमी पॉवरवाल्यांचं, एसएसबीचं ठिकाण आहे. ते ५ वॅट, फार तर १० वॅटवर बोलत असतात. तुमचा आवाज ३ किलोहर्ट्झपर्यंत धरला तर तुमचं एएम १४.२८३ पासून १४.२८९ पर्यंत पसरतं, म्हणजे त्याचा सगळा आवाज तुमच्या पोटात गेला, आणि वर तुमचा कॅरियर (तुम्ही गप्प असतानाही चालू राहणारी मूळ लहर) त्याच्या कानात १ किलोहर्ट्झची अखंड शिट्टी होऊन वाजतोय. चिडला असेल बिचारा.

आता तुम्ही म्हणता ऐकलं होतं. माझा अंदाज असा की तुम्ही रिसीव्हर एएमवर ठेवूनच ऐकलंत. बारीक एसएसबी सिग्नल एएम मोडमध्ये नुसती पुटपुट वाटते, पंख्याच्या आवाजातसुद्धा हरवून जाते. म्हणून एएमवाल्यांची जुनी सवय अशी की आधी यूएसबीवर, म्हणजे एसएसबीच्या वरच्या बाजूवर, जायचं (४० आणि ८० मीटरला एलएसबी, म्हणजे खालची बाजू), चांगलं मिनिटभर ऐकायचं, फ्रीक्वेन्सी वापरात आहे का हे एसएसबीवरच दोनदा विचारायचं, मधे थांबायचं, आणि मगच एएम लावायचं. कारण एसएसबीवाला तुमचा प्रश्न एसएसबीवरच नीट ऐकू शकतो, एएमचा कॅरियर सोडून विचारलं तर विचारतानाच त्याचं बोलणं मोडलं ना.

ही कॉलिंग फ्रीक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते हे मनात पक्कं ठेवा. साठच्या दशकात एसएसबी सगळीकडे झालं, त्याआधी आवाजात बोलायचं म्हणजे एएमच. मग जे एएमवर राहिले त्यांच्याकडे जुनी रिग, कोणाकडे तर क्रिस्टलवर अडकलेली, इकडेतिकडे सरकताच यायचं नाही, आणि एएम जागाही दुप्पट घेतं, म्हणून सगळे ठराविक ठिकाणी जमायला लागले. कायदा वगैरे नाही, रिवाज आहे. आधी जो बोलतोय त्याची जागा, मग तो कुठल्याही मोडवर असो. आणि कोणी भेटलं की तिथेच तासभर बसू नये, ५-१० किलोहर्ट्झ बाजूला सरकावं.

अजून एक, यादी वाचताना ती कुठली आहे ते बघा. अमेरिकेतले एएमवाले ३.८८५ आणि ७.२९० वर जमतात, ब्रिटनमध्ये ३.६१५ ला. ७.२९० हे मुख्यतः आयटीयूच्या (जगभर फ्रीक्वेन्सी वाटून देणाऱ्या संघटनेच्या) रीजन २ मध्ये, म्हणजे अमेरिका खंडांत, चालतं, रीजन १ (युरोप, आफ्रिका) आणि ३ (आपण इथेच) मध्ये ७.२०० च्या वर ब्रॉडकास्ट आहे आणि बहुतेक देशांत हॅमला तिथे परवानगी नाही. ३.८८५ सुद्धा रीजन १ च्या बाहेर पडतं, तिथला बँड ३.८०० ला संपतो. म्हणून आधी स्वतःचं लायसन्स, मग बँड प्लॅन (बँडवर कोणी कुठे बसायचं त्याची वाटणी), आणि तिसऱ्या नंबरवर नेटवरची यादी. नवीन माणसाला मी तर १० मीटर सुचवते, २९.००० ते २९.२०० मध्ये एएमला ऐसपैस जागा आहे, बँड उघडला की थोड्या पॉवरवर लांबची माणसं भेटतात आणि कोणाच्या पायावर पाय पडत नाही.

प्रश्न: माझी १०० वॅटची रिग आहे. एएमवर पूर्ण १०० वॅट लावतो तरी सगळे म्हणतात कॅरियर तगडा आहे पण आवाज दबलेला, फाटका. माइक बदलून झाला, काही फरक नाही.

उत्तर: माइक जुनाच लावा, दोष तिथे नाही. रिगवरचे १०० वॅट म्हणजे पीईपी, शिखरावरचे. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशनला, म्हणजे आवाज कॅरियरवर पुरता चढला की, शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतं आणि दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट पॉवर. म्हणजे १०० वॅटच्या रिगला कॅरियर २५ वॅटच ठेवायचा, उरलेली जागा तुमच्या आवाजाला लागते. तुम्ही सगळी जागा कॅरियरलाच देऊन टाकली, आवाज जाणार कुठे? एएलसी (पॉवर आपोआप आवरणारी रिगमधली सोय) त्याला दाबून टाकतं.

ओळखायची खूण सांगते. सरासरी दाखवणारं मीटर लावा, न बोलता कॅरियर बघा आणि मग लांब 'हॅलोऽऽ' म्हणा. काटा किंचित वर गेला किंवा जागेवर राहिला तर ठीक, बोलताना खाली यायला लागला तर कॅरियर जास्त आहे. २५ वर आणा, माइक गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, आणि एएलसी जेमतेम हलायला लागलं की थांबा. हे सगळं डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) करायचं बरं का, हवेत नाही. जमलं तर ऑसिलोस्कोपवर एन्व्हलप (लहरीचा बाहेरचा आकार) बघा, दरी शून्याला टेकून सपाट व्हायला लागली की ओव्हरमॉड्युलेशन सुरू झालं आणि आजूबाजूच्या १०-१५ किलोहर्ट्झमध्ये तुमचे तुकडे उडतायत.

२५ वॅट ऐकून खट्टू होऊ नका. पूर्ण मॉड्युलेशनलाही एकूण पॉवरचा दोन तृतीयांश भाग कॅरियरमध्येच जातो आणि तुमचे शब्द उरलेल्या एक तृतीयांशात असतात, हा एएमचा खर्च आहे आणि तो सगळ्यांनाच पडतो. पण त्या खर्चात जे मिळतं ते मला अजूनही आवडतं. राउंडमध्ये (बरेच जण पाळीपाळीने बोलतात त्यात) समोरच्याने कॅरियर सोडला की तो बोलायच्या आधीच बँडची खरखर खाली बसते, खोली एकदम शांत होते, आणि त्या शांततेत आवाज येतो, अगदी टेबलापलीकडे बसल्यासारखा. एसएसबीवर हे नाही. (आणि एएममध्ये कॅरियर सतत चालू असतो म्हणून रिग तापते, लांब भाषणं जुन्या ट्रान्समीटरवाल्यांना शोभतात, तुम्ही दोन-तीन मिनिटांत पुढच्याचं कॉलसाइन घेऊन त्याच्याकडे द्या.)

प्रश्न: फॉर्म्युल्याने ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधे केबल जोडलेला, दोन सारख्या वायरींचा अँटेना) केला, प्रत्येक बाजू १० मीटर ७ सेंटीमीटर, मोजून. तरी तो ६.८८ ला लागतोय, म्हणजे तिथे जुळतोय. फॉर्म्युला चुकीचा का?

उत्तर: फॉर्म्युला बरोबर आहे, १४३ भागिले मेगाहर्ट्झ, एकूण २०.१४ मीटर. पण तुम्ही प्लास्टिकचं आवरण असलेली वायर वापरली असणार, त्याने वायर विजेच्या हिशोबाने दोन-तीन टक्के लांब वागते. आणि जमिनीपासून किती उंच, उलटा व्ही आहे की सरळ, जवळ पत्रा किंवा भिंत आहे का, ह्यानेही फरक पडतो. फॉर्म्युला म्हणजे कापायला सुरुवात कुठून करायची तेवढंच.

हिशोब सोपा आहे. २०.१४ गुणिले ६.८८ भागिले ७.१०, आलं १९.५२ मीटर. म्हणजे एकूण ६२ सेंटीमीटर जास्त, एका बाजूला ३१. पण कात्री लगेच नाही! टोकं मागे दुमडून त्याच वायरवर घट्ट पीळ द्या, आधी १५-१५ सेंटीमीटर, वर चढवा, मोजा, मग उरलेलं. दोन्ही बाजू सारख्या. सगळं जमलं आणि वायरने एखादा वारा-पाऊस बघितला की मग हवी तर कापा, मी तर दुमडलेलीच ठेवते, पुढे बँडच्या दुसऱ्या टोकाला न्यायची झाली तर उलगडता येते.

मधोमध चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा) लावलाय का ते लिहिलं नाहीत. नसेल तर कोॲक्सचं, म्हणजे रिगपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलचं, वरचं आवरणही अँटेनासारखं वागतं, केबल हलवली की आकडे बदलतात आणि तुम्ही उगाच वायर कापत बसता. फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे घ्या आणि ते फीड पॉइंटलाच, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथेच, घ्या.

प्रश्न: खूप प्रयत्न केले, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) १.५ च्या खाली येत नाही. ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवून देणारा डबा) घेऊ का?

उत्तर: नको. १.५ ला फक्त ४ टक्के पॉवर परत येते, समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. २ ला ११ टक्के. सोडा आणि बोला.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. बाबांच्या जुन्या रिसीव्हरला वायर लावून ऐकतो. काही स्टेशनांवर आवाज येतो पण सोबत शिट्टी येते आणि ती हळूहळू बदलते. रिसीव्हर बिघडलाय का?

उत्तर: अजिबात बिघडला नाही रे, उलट तू बरोबर ते पकडलंस. तू एसएसबीवर ठेवून एएम स्टेशन ऐकतोयस. त्याचा कॅरियर आणि तुझ्या रिसीव्हरची स्वतःची फ्रीक्वेन्सी ह्यांच्यातला फरक तुला शिट्टी म्हणून ऐकू येतो, आणि दोघांपैकी कोणी सरकलं की शिट्टी बदलते. मोड एएमवर कर, जाईल.

पण त्याआधी एक गंमत करून बघ. डायल अगदी हळू फिरव, शिट्टी जाड होत होत, घरघर होत, मग शून्य होईल. ह्याला झीरो बीट म्हणतात. तिथे थांबून एसएसबीवरच ऐक. संध्याकाळी लांबचं एएम स्टेशन मधेच फाटल्यासारखं वाजतं ना, ते कॅरियर क्षणभर क्षीण होतो आणि साइडबँड (कॅरियरच्या दोन बाजूंना असलेला आवाजाचा भाग) तसेच राहतात म्हणून. झीरो बीटला तुझा रिसीव्हर स्वतःचा कॅरियर वापरतो, तो क्षीण होत नाही, त्यामुळे फाटणं बरंच कमी होतं. वायर जितकी उंच आणि घरातल्या एलईडी, चार्जरपासून लांब तितकं छान. विजेच्या तारांजवळून मात्र कधीच नेऊ नकोस, वर चढताना मोठं कोणीतरी सोबत हवं, आणि ढग गडगडायला लागले की वायर काढून बाहेर ठेव.

प्रश्न: वर वायर टाकायला जागा नाही, खिडकीत मॅग्नेटिक लूप (कपॅसिटर जोडलेलं कडं) केलाय, एक मीटर व्यासाचा. ७ मेगाहर्ट्झला एएम चालेल का?

उत्तर: चालेल, पण दोन गोष्टी बघा. चांगला केलेला लूप ७ मेगाहर्ट्झला फार अरुंद असतो, बँडविड्थ १० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तुमचं एएमच ६ घेतं. नेमका मधोमध लावला नाही तर एक बाजू कापली जाते, आणि सरकलात की पुन्हा ट्यून करा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कपॅसिटरवर हजारो व्होल्ट येतात आणि ते कॅरियरच्या नाही, शिखराच्या हिशोबाने येतात. २५ वॅट कॅरियर म्हणजे कपॅसिटरला १०० वॅटच. रेडिओच्या ट्यूनिंगचा जुना गँग (फिरवायचा कपॅसिटर) तिथे ठिणग्या टाकेल. चालू असताना लूपजवळ बसू नका, हात तर लावूच नका, भाजतं.

प्रश्न: माझा डायपोल दोन वर्षं झकास चालला. मजा म्हणजे आता एसडब्ल्यूआर पहिल्यापेक्षा चांगला झालाय, सगळ्या बँडभर १.२, पण कोणी ऐकतच नाही.

उत्तर: हे वाचून माझ्या पोटात गोळा आला कारण माझ्याकडे अगदी हेच झालं होतं आणि मी आठवडाभर खुशीत होते की अँटेना सुधारला. अँटेना आपणहून सुधारत नसतो. केबलमध्ये पाणी गेलंय. ओल्या केबलमध्ये जाताना निम्मी पॉवर जिरते, अँटेनाकडून परत येते तीही येताना जिरते, मीटरपर्यंत फारच थोडी पोचते, मग मीटर म्हणतं सगळं छान.

मी वरचा कनेक्टर उघडला तेव्हा सोल्डर चकचकीत होतं, वाटलं इथे काही नाही. मग चाकूने बाहेरचं आवरण बोटभर चिरलं तर आतली तांब्याची जाळी हिरवट-काळी, चिमटीत धरली की भुगा होत होता. अजून हातभर खाली चिरलं, तिथेही तेच. जाळी वातीसारखं पाणी ओढते, त्यामुळे टोक कापून भागत नाही.

खात्री करायची तर वरच्या टोकाला अँटेना काढून डमी लोड लावा, वॅटमीटर एकदा खाली आणि एकदा वर लावून बघा. खाली ५० आणि वर २० दिसले तर केबल गेली. नवी टाकताना कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढेल आणि पाणी घसरून जाईल, आणि तिच्यावर साधी काळी टेप, उन्हासाठी. घरात शिरण्याआधी केबलला एक झोळ द्या, थेंब तिथून खाली पडतात.

मग मला एसडब्ल्यूआर किती आला ते लिहा. बँडच्या टोकांना दोनच्या वर गेला तरी घाबरू नका, दोन वर्षांपूर्वी तुमचा डायपोल तेवढाच दाखवत होता.