लाइट गेली की रेड पुन्हा सिंक होत बसतो, काय करू?

जिनिंगच्या वजनकाट्यावरचं लिनक्स मशीन, दोन डिस्कचा रेड १ (दोन्हींवर तोच डेटा), आणि लाइट गेली की सिंक, म्हणजे दोन्ही डिस्क जुळवणं, पहिल्यापासून. बिटमॅप (कुठला भाग बदलला याची नोंद) नसेल तर असंच होणार.

'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' चालवा. कंसात 'यूयू' म्हणजे दोन्ही डिस्क ठणठणीत. 'यू_' दिसलं तर एक बाहेर पडलीय, आधी तिचं बघा. चालू सिंक पूर्ण होऊ द्या, मध्येच बिटमॅप लागत नाही. मग रूट होऊन: 'एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एमडी०' ('एमडी०' म्हणजे तुमच्या रेडचं नाव; टाइप अर्थातच इंग्रजीत करा). पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग जुळवला जाईल. लिहिणं किंचित मंदावतं, पण काट्याच्या पावत्यांना काय फरक पडतो!

यूपीएस मात्र घ्याच, आपल्याकडच्या लोडशेडिंगला बिटमॅप पुरत नाही.