दिवाळं निघणं आणि दिवाळं काढणं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री तुझा निरोप वाचला. "काका, मी दिवाळखोर झाले." बाकीचे आकडे नंतर पाहिले, आधी या एका शब्दापाशीच अडलो. चाळीस वर्षं देण्याघेण्याचे दावे चालवले. त्यात कर्जाच्या रकमेपेक्षा या शब्दानं खचलेली माणसंच मला जास्त भेटली. म्हणून आज कायद्याच्या आधी शब्दांबद्दल लिहितो.

'दिवाळखोर'मधला 'खोर' बघ. भांडखोर, लाचखोर, चहाडखोर. हा प्रत्यय माणसाची खोड सांगतो. तुझ्या मोठ्या गिऱ्हाइकानं सात महिन्यांची बिलं अडकवली आणि तुझे मशिनचे हप्ते तुंबले, यात तुझी खोड कुठली? आपल्या भाषेत दिवाळं 'निघतं' आणि दिवाळं 'काढतात', ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. दुष्काळात व्यापार बुडाला तेव्हा तुकोबांनीही 'निघाले दिवाळे' असंच म्हटलं. काढणारे लोकही असतात. उधारीवर माल उचलायचा, पैसा नातेवाइकांकडे फिरवायचा आणि मग हात वर करायचे. तू त्यातली नाहीस.

पूर्वी पेढी बुडाली की मालक भरदिवसा तिथे दिवा लावून बसायचा आणि त्यावरून 'दिवाळं' शब्द आला, असं सांगतात. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो दिवा लपण्यासाठी नव्हता. येणाऱ्या प्रत्येक धनकोला दारातूनच कळावं, यासाठी होता. तू मात्र पंधरा दिवस फोन बंद ठेवलास. तो आज सुरू कर.

तुझ्या अवस्थेला खरा शब्द आहे 'नादारी'. फारसीतून आलेला, अर्थ एवढाच की जवळ काही नाही. आमच्या वेळी गरीब मुलांची फी माफ व्हायची तिलाही नादारीच म्हणत. माझं सगळं हायस्कूल नादारीवर झालं. त्या शब्दाची मला कधी लाज वाटली नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

आता कायदा. 2016 च्या संहितेच्या नावात नादारी आणि दिवाळखोरी हे दोन्ही शब्द आहेत, ते उगाच नाहीत. देणी फेडता न येणं ही नादारी. दिवाळखोर ठरवणं हे न्यायालयाचं काम, तुझं किंवा शेजाऱ्यांचं नाही. प्रकरण 330 दिवसांत निकाली काढायचं, ही तू पाठवलेली बातमी कंपन्यांची आहे. तुझा शिलाईचा कारखाना तुझ्या एकटीच्या नावावर, म्हणजे कायद्याला तू आणि कारखाना एकच. संहितेतला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तुझ्यासाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. गरज पडलीच, तर अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा.

तुझ्या मामांनी सुचवलंय की फ्लॅट भावाच्या नावावर करून टाक. करू नकोस. पैसे न घेता असं हस्तांतर केलंस आणि दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर ते रद्द होऊ शकतं. शिवाय निघालेलं दिवाळं तू स्वतःच्या हातानं काढलेलं ठरवशील. इतरांना डावलून एकट्या मामांचे पैसे आधी फेडणंही तसंच. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतली अशी परतफेड न्यायालय तपासतं. (मामा रागावतील. मी बोलेन त्यांच्याशी.)

घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रूढीनं बाईनं अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाच. पण बँकेच्या कर्जातून घेतलेल्या मशिनी नजरगहाण आहेत. वस्तू तुझ्याकडे आणि हक्क बँकेचा, तेव्हा त्या यात धरू नकोस. आईचं जुनं मशिन वेगळं ठेव, त्याची पावती शोध.

तुरुंगाची भीती घेऊ नकोस. प्रामाणिकपणे फेडता येत नाही एवढ्यावरून ऋणकोला कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्येच सांगितलंय. न वटलेल्या चेकचं प्रकरण मात्र निराळं, त्यात फौजदारी होते. म्हणून यापुढे एकही पुढच्या तारखेचा चेक कुणाला देऊ नकोस, कितीही गळ घातली तरी.

रविवारी सकाळी ये. येणं आणि देणं अशा दोन याद्या आण, हातउसने घेतलेले पाचशे रुपयेसुद्धा त्यात हवेत. उधारीची मूळ वही आण, खाडाखोड असलेली. चोख उतरवून काढलेली नको.

तुझा,
काका