चित्रात, कवितेत, सिनेमात सुंदर स्त्रीचं मरण इतकं मोहक का दाखवतात?

माझं मत विचाराल तर: मेलेली बाई उलटून बोलत नाही म्हणून.

लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनात इंग्रज चित्रकार मिलेचं 'ऑफेलिया' हे चित्र आहे, 1851-52 सालचं. ऑफेलिया म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधली बुडून मरणारी मुलगी. ओढ्यात उताणी तरंगणारी मुलगी, ओठ अर्धवट उघडे, भोवती फुलं. मी आधी त्याची छापील प्रत पाहिली. मनात आलं, 'काय देखणं आहे!' आणि मग स्वतःचीच लाज वाटली. अहो, ती बुडतेय!

त्या चित्रासाठी मॉडेल म्हणून एलिझाबेथ सिडल भर हिवाळ्यात पाण्याच्या टबात पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवलेले. एकदा ते विझले. चित्रकार रंगात बुडालेला, आणि ही गप्प. आजारी पडली, तेव्हा तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चाचे पैसे मिलेकडे मागितले. चित्रासमोर उभं राहिलं की मला आता फुलांआधी ते बिल आठवतं. 2011 च्या 'मेलँकोलिया' सिनेमात नवरी लग्नाच्या पोशाखात तशीच पाण्यावर तरंगते. ती चौकट अजून चालतेच आहे.

सिडल स्वतः चित्रं काढायची, कविता लिहायची. कलासमीक्षक रस्किनने तिची चित्रं विकत घेतली होती. पण लोकांना ती आठवते चित्रकार-कवी रोसेटीची बायको म्हणून. 1862 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, अफूच्या अर्काचा डोस जास्त होऊन ती गेली. रोसेटीने स्वतःच्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. केवढा त्याग! सात वर्षांनी हायगेटच्या दफनभूमीत थडगं उकरून ती वही परत काढली, आणि 1870 मध्ये पुस्तक छापलं. उकरताना हा गृहस्थ तिथे नव्हता. ज्याने ते काम उरकलं त्याने येऊन सांगितलं, की ती होती तशीच सुंदर आहे आणि सोनेरी-तांबूस केसांनी पेटी भरून गेलीय. तो माणूस पक्का थापाड्या म्हणून ओळखला जायचा. तरी ही थाप आजही सांगितली जाते, कारण ऐकणाऱ्याला तीच हवी असते.

सगळे असंच करतात असं मात्र नाही. कालिदासाच्या 'रघुवंशा'तला राजा अज मेलेल्या बायकोसाठी, इंदुमतीसाठी रडतो तेव्हा 'गृहिणी सचिवः सखी मिथः', म्हणजे गृहिणी, सल्लागार, एकांतातली सखी म्हणतो, कला शिकणारी लाडकी शिष्या म्हणतो. रूपाची आठवण तोही काढतोच, पण जिच्याशी बोलायचो ती गेली, हे त्याचं खरं दुखणं आहे.

सिडलबद्दल नेमकं लिहिलं ते तिच्या होणाऱ्या नणंदेने, क्रिस्तिना रोसेटीने, 1856 मधल्या एका कवितेत. स्टुडिओतल्या प्रत्येक चित्रात एकच चेहरा; चित्रकार रात्रंदिवस त्या चेहऱ्यावर जगतो; आणि ती चितारलीय ती आहे तशी नव्हे, त्याच्या स्वप्नात भरलीय तशी. ही कविता छापली गेली 1896 मध्ये. तोवर नवरा, बायको आणि नणंद, तिघंही गेलेले होते.