येतो, पण आमच्यात नसतो

"मॅडम, येतो हो तो, पण आमच्यात नसतो." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आई 'येतो' म्हणाली की पुढचं मला आधीच कळतं. कोथरूड, बाणेर, सिंहगड रोड, सगळीकडचे आईबाप हेच घेऊन येतात, मूल चौदा-पंधराचं झालं की लग्नाला, गावाला, वाढदिवसाला अंगाने हजर आणि बाकी गैरहजर. म्हणून एकदाचं लिहून टाकते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि सहा-सात भेटींचं सगळं इथे थोडक्यात आणलंय.

या ताई आल्या त्या नवऱ्याच्या पन्नाशीवरून. त्यांच्याकडे बाबांचा वाढदिवस म्हणजे सिंहगड, मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून. पहाटे आतकरवाडी, तास-दीड तासात वर, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, घरी येऊन झोप. यंदा पन्नासावा म्हणून ताईंनी जोर लावला होता, तिघांना एकसारखे छापलेले टीशर्ट, आठ वाजता टिळक बंगल्याजवळ केक, औक्षणाचं ताम्हनसुद्धा सॅकमध्ये, काडेपेटीसकट. अकरावीतल्या चिरंजीवांनी टीशर्टवर काळं जॅकेट चढवलं, कानात इयरफोन घातले आणि सुटले पुढे. हे दोघं वर पोचेपर्यंत हा एकटाच ताक पीत बसलेला. ताईंना तिथेच रडू फुटलं. वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं ते वेगळंच.

"त्याला आमची लाज वाटते," हा त्यांचा निष्कर्ष. नवरा म्हणाले, "वय आहे गं त्याचं," तर त्यांच्यावरही राग.

खरं सांगते, पहिल्या भेटीत मीही चुकले. मोबाईल किती वेळ, झोपतो कधी, मित्र कोण, नेहमीची यादी घेऊन बसले आणि हाती काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी वही मिटली आणि म्हटलं, गाडी लावलीत तिथपासून सांगा, सगळं.

"गाडी लावली, तो निघाला. आम्ही मागे, यांचा गुडघा, मला दम. लिंबू सरबतवाल्या मावशींपाशी बसलेला दिसला. आम्ही पोचलो तर लगेच उठला."

"मग?"

"मग काय, पुढच्या वळणावर परत तेच. दगडावर बसलेला, आम्ही दिसलो की उठायचा. चार-पाच वेळा केलं असं. बघा ना, आमच्याबरोबर दोन मिनिटं बसवत नाही त्याला."

"ताई, मग तो बसायचा कशाला?"

त्या गप्प झाल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेलीयत, आता बऱ्यापैकी जमतं म्हणायला हरकत नाही. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाल्या, "धडधाकट पोरगा आहे. न थांबता कधीच वर गेला असता की."

मुलगा एकदाच आला. "बाबांचा गुडघा दुखतो ना, बघायचो येतायत का. पण बरोबर चाललो असतो तर आईने फोटो काढले असते आणि ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर." जॅकेटचं मी विचारलंच नव्हतं, त्यानेच सांगितलं. "टीशर्टवर माझा लहानपणीचा फोटो होता मॅम. नुसत्या चड्डीतला."

मी पडले विवेकनिष्ठ विचारांची, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडक्यांनी रुजवलेली ही समुपदेशनाची पद्धत. एलिस ज्या हट्टाबद्दल जन्मभर सांगत राहिला तो आपल्याकडे एका अक्षरात मावतो, 'च'. यायलाच पाहिजे, हसायलाच पाहिजे, आठलाच केक. ताईंना त्या वाढदिवसाच्या प्लॅनमधले 'च' मोजून आणायला सांगितले, त्या अकरा घेऊन आल्या आणि बारावा माझ्यासमोर सापडला: "मॅडम, म्हणजे हा च काढलाच पाहिजे ना?" आम्ही दोघी खूप हसलो.

इथे लोक एक गडबड करतात, इच्छाच सोडून देतात. तसं नाहीये. तो शेजारी चालला तर आवडेल, नाही चालला तर वाईट वाटेल, वाटू दे की. पण 'नाही चालला म्हणजे मी आई म्हणून फेल' ही उडी आपली आपण मारलेली असते. बाकी साध्या गोष्टी, आधी त्याला विचारा आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवून विचारा. दिवस तुमचा तर जागा त्याची. अख्खा दिवस नको, तीन तास मागा. फोटो टाकायच्या आधी त्याला दाखवा. आणि निसरड्या वाटेवर दोन्ही कानांत इयरफोन चालणार नाहीत हे मात्र ठणकावून सांगा, तो 'च' मला मान्य आहे.

आणि हो, मित्रांनाही टाळतोय, जेवण-झोप बिघडलीय, आवडीचं काही उरलंच नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर हे प्रकरण वेगळं, मग माझ्या या गोष्टीवर विसंबू नका, कुणाला तरी भेटा.

एक्कावन्नावा त्यांनी वेताळ टेकडीवर केला, संध्याकाळी, जागा मुलाने ठरवलेली. ताईंचा फोन आला होता. हा नेहमीसारखा पुढे, खाणीच्या अलीकडे दगडावर बसलेला. या शेजारी जाऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत. तो उठला नाही. जरा वेळाने म्हणाला, "बाबांच्या बुटांचा तळ गेलाय, उतरताना घसरतात ते, तुला दिसलं नाही?"

रात्री हॉटेलात जेवायला मात्र आला नाही, मित्राकडे गेला. बूट ताईंनी दुसऱ्या दिवशी घेतले.