छातीला लावलेला कान

‘ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात ताप आला म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ स्टेथोस्कोप छातीवर धरला आणि म्हणाले, “हृदयात मर्मर ऐकू येतेय. घाई नाही, पण एकदा बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.” वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तो झोपला की छातीला कान लावून ठोके मोजते. मिनिटाला नव्वद भरतात, मध्येच भराभर पडतात, मध्येच सावकाश. त्याला पळू देत नाही, शाळेतही खेळाच्या तासाला बसवून ठेवायला सांगितलंय. नवरा म्हणतो, “काही होत नाही, उगाच बाऊ करतेस.” त्यावरून रोज भांडण. गरोदरपणी माझं काय चुकलं, हा विचार डोक्यातून जात नाही. काल मुलानं विचारलं, “आई, माझ्या आत काय बिघडलंय?” मी काही न बोलता उठून गेले. – एक आई’

तुमच्या लेकाच्या प्रश्नाचं आधी बघू, बाकीचं नंतर. आज रात्री त्याला कुशीत घ्या आणि सांगा, “डॉक्टरांना तुझ्या हृदयातून एक जास्तीचा आवाज ऐकू आला. तो कशाचा आहे ते बघायला आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. मी आणि बाबा दोघंही बरोबर असू.” एवढंच. पाच वर्षांच्या मुलाला याहून जास्त नको असतं, पण एवढं लागतंच. तुम्ही उठून गेलात तेव्हा त्याने स्वतःच काहीतरी उत्तर जुळवलं असणार, आणि मुलांनी अंधारात जुळवलेली उत्तरं फार भीतिदायक असतात. तुम्ही उठून का गेलात ते मला कळतं. डोळ्यांत पाणी आलं असणार आणि ते त्याला दिसू द्यायचं नसणार. पण आता परत जा त्याच्याकडे.

मर्मर हा आवाज आहे, आजाराचं नाव नाही. हृदयाच्या झडपा मिटतात तेव्हा जो लब-डब ऐकू येतो, त्याच्या अधेमधे रक्त वाहण्याचा आवाज आला की डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात. मुलांच्या छातीची भिंत पातळ असते, त्यामुळे हा आवाज मोठ्यांपेक्षा सहज कानावर येतो. ताप असला की हृदय जोराने रक्त ढकलतं आणि आवाज आणखी ठळक होतो. म्हणूनच कितीतरी मुलांची मर्मर अशी तापाच्या तपासणीतच सापडते. निरोगी मुलांपैकी फार मोठ्या संख्येला, काही अंदाजांनुसार निम्म्यांहून अधिकांना, लहानपणी कधी ना कधी अशी मर्मर असते. हृदयाची रचना पूर्ण ठीक असते आणि आवाज मात्र येतो. डॉक्टर तिला निर्दोष मर्मर म्हणतात. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०९ सालीच असा एक आवाज लिहून ठेवला आहे, ताणलेली दोरी छेडावी तसा. आजही त्या मर्मरला त्याचंच नाव आहे, आणि ती सर्वात जास्त आढळते ती तुमच्या मुलाच्या वयाच्या आसपास.

तुमच्या मुलाची मर्मर निर्दोषच आहे, असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि खोटा धीर तीन आठवडे पुरत नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी “घाई नाही” म्हटलं, ते तुम्ही पत्रात लिहिलंत आणि नंतर जणू विसरून गेलात. ते दोन शब्द त्यांनी त्याला तपासून म्हटलेत.

आता तुमच्या रात्रींबद्दल. पाच वर्षांच्या मुलाचे ठोके मिनिटाला नव्वद असणं अगदी नेहमीचं आहे. तुमच्या-माझ्या हृदयाशी ते ताडून बघू नका. मध्येच भराभर, मध्येच सावकाश म्हणालात. एकदा त्याचं पोट वर-खाली होताना बघा. श्वास आत घेताना ठोके वेग घेतात, सोडताना मंदावतात. निरोगी मुलांत हे मोठ्यांपेक्षा ठळक दिसतं. तज्ज्ञांना हेही जरूर सांगा, पण तोवर कान काढून घ्या. जे ओळखायला डॉक्टरांना वर्षानुवर्षं कान तयार करावा लागतो, ते तुम्हाला मध्यरात्री अंधारात कळणार नाही. आणि तो जागा असतानाही तुम्ही त्याच्याकडे त्याच कानाने बघू लागता.

हे मी एवढ्या कळकळीने सांगते त्याला कारण आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात बर्गमन आणि स्टॅम या दोन डॉक्टरांनी हृदयाचा त्रास असल्याचा शिक्का बसलेल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या बहुतेकांच्या हृदयात काहीही दोष नव्हता. तरी त्यांच्यातल्या अनेकांना घरच्यांनी खेळण्यापासून, धावण्यापासून अडवून ठेवलं होतं. आजार नव्हताच, तरी त्याची बंधनं ती मुलं भोगत होती. शाळेला दिलेली तुमची सूचना वाचताना मला तीच मुलं आठवली. डॉक्टरांनी खेळायला मनाई केली आहे का? पत्रात तर तसं काही नाही. उद्या फोन करून तेवढंच विचारा, “भेटीपर्यंत त्याने पळावं-खेळावं का?” ते हो म्हणाले, तर त्याच दिवशी शाळेत सांगून टाका.

काही गोष्टींसाठी मात्र तीन आठवडे थांबायचं नाही. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, खेळताना चक्कर येऊन पडला, पळताना छातीत दुखतंय म्हणाला, बसल्याजागी धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा. घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, कुणाला जन्मापासून हृदयाचा विकार असेल, तर तेही आताच फोनवर सांगा.

तुमच्या चुकीबद्दल विचारलंत. मर्मर निर्दोष निघाली तर मुळात काही बिघडलेलंच नाही. आणि दोष निघालाच, तरी बाळाचं हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडून जातं, कित्येकींना तर तेव्हा नुकतीच चाहूल लागलेली असते. जन्मजात हृदयदोष साधारण शंभरात एका बाळाला असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत ठरावीक कारण सापडत नाही. आठवून आठवून जे शोधताय, ते बहुधा तिथे नाहीच.

नवऱ्याचं “काही होत नाही” मला बेफिकिरीचं वाटत नाही. तुम्ही मोजत बसता, तो बोलणं तोडून टाकतो, घाबरलेले दोघंही आहात. त्याला पटवायला जाऊ नका, काम द्या. भेटीला दोघं जा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं, कारण त्या खोलीत ऐकलेलं निम्मं बाहेर येईपर्यंत विसरतं. निर्दोष आहे का, आणि असेल तर पुन्हा दाखवायची गरज आहे का? दोष असेल तर त्याचं नाव काय, आणि खेळण्यावर काही बंधन? हे विचाराच. “निर्दोष, पुन्हा यायला नको” असं सांगितलं, तर ते वाक्य त्याच कागदावर लिहून घ्या. सहा महिन्यांनी मध्यरात्री पुन्हा शंका येईल तेव्हा उपयोगी पडेल.

तिथे ईसीजी काढतील, बहुधा टू-डी एकोही करतील. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवतात, सुई नाही, क्ष-किरण नाहीत. थोडा वेळ शांत पडून राहावं लागतं, म्हणून आवडती गोष्ट किंवा खेळणं बरोबर न्या. पडदा दिसेल असं झोपवायला सांगा. स्वतःचं हृदय उघडझाप करताना बघणं मुलांना फार आवडतं.

आणि समजा छिद्र निघालं, तर? तेही लिहिते, कारण तुम्ही खऱ्या घाबरला आहात त्या शब्दाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातली लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, आणि गंमत म्हणजे छिद्र लहान असलं की आवाज मोठा येऊ शकतो, नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी फुस्सकन उडतं तसा. तेव्हा “फार मोठी मर्मर आहे” असं कुणी म्हटलं तर लगेच खचू नका. काही छिद्रं जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून बंद करता येतात, काहींना शस्त्रक्रिया लागते, आणि ती झालेली मुलं बहुतेक वेळा शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात.

भेट झाली की मला कळवा, निकाल काहीही असो. आणि आज रात्री त्याला काय सांगितलंत, त्यावर तो काय म्हणाला, तेही लिहा.

– तुमची ताई