शिवारातले मांडूळ की पैदाशीचा अजगर?

प्रश्न : मी कऱ्हाडला महाविद्यालयात शिकतो. मला साप पाळायचा आहे. ऊसतोडीच्या वेळी सापडलेले एक मांडूळ ओळखीचा मुलगा मला फुकट देत आहे, तर पुण्यातील एक विक्रेता 'बॉल पायथन' या विदेशी अजगराचे पिल्लू पैदाशीचे, म्हणजे पाळलेल्या आईबापांचे, म्हणून विकत देतो. रानातला साप काटक असतो, असे मित्र म्हणतात. मी कोणता घ्यावा?

उत्तर : मांडूळ घेऊ नका, आणि ते अजून त्या मुलाकडे असेल तर आजच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायला लावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचा रानातला साप पकडणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे; मांडुळाचा तर गुप्तधनाच्या खुळापायी आधीच फार छळ झाला आहे.

काटकपणाविषयीचा समज मुळातच चुकीचा आहे. रानातला साप तगतो, कारण ऊन, सावली, बीळ आणि भक्ष्य तो स्वतः निवडतो. पेटीत यांपैकी काहीच त्याच्या हाती राहत नाही. काचेच्या टाकीत कोंडलेली एक धामण मी पाहिली आहे. बाहेर पडण्याची वाट शोधत काचेवर घासून घासून तिच्या नाकाडावरचे खवले निघाले होते आणि समोर टाकलेल्या उंदराकडे ती ढुंकूनही पाहत नव्हती. अशा सापांच्या आतड्यात जंत आणि खवल्यांखाली गोचिडी असतात, आणि कोंडल्याच्या ताणाने त्यांचा त्रास बळावतो. पैदाशीचे पिल्लू मात्र माणसाच्या वावरात वाढते आणि मेलेला उंदीर खायला लवकर शिकते.

तरीही विक्रेत्याच्या 'पैदाशीचे' या शब्दावर विसंबू नका. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन येथे गाभण माद्या रानातून धरून आणतात, त्यांची अंडी उबवतात आणि ती पिल्ले परदेशी पाठवतात. विक्रेते त्यांनाही सर्रास पैदाशीची म्हणतात. पिल्लू आयात केलेले असेल, तर 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्यावरील स्रोताचे अक्षर पाहा : पैदाशीला 'सी', रानातून अंडी वा पिल्ले आणून वाढवलेल्यांना 'आर' आणि थेट रानातल्याला 'डब्ल्यू'. इथेच जन्मलेले असेल, तर त्याच्या आईबापांची आणि जन्माची नोंद मागा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार असा विदेशी प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी तुम्हालाही करावी लागेल.

पिल्लू हातात घेऊन हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बारीक काळे किडे दिसतात का, ते पाहा. तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर परत द्या. हा साप नीट सांभाळल्यास २० ते ३० वर्षे जगतो, तेव्हा शिक्षण वा नोकरीसाठी गाव सोडावे लागल्यास त्याला कोण पाहील, हे घरच्यांशी आधी बोलून ठेवा. आणि पिल्लू तुमच्यासमोर एकदा तरी खात नाही, तोवर पैसे देऊ नका.