मेमरी ‘मुक्त करणे’ की ‘परत करणे’?

सांगलीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, पायथॉनसाठी सी भाषेत एक्स्टेंशन (पायथॉनला जोडायचा जादा भाग) कसे लिहावे याची मराठी टिपणे काढताना हीपवरील (प्रोग्राम चालू असताना मागून घेता येणाऱ्या साठ्यातली) मेमरी ‘अलोकेट’ आणि ‘फ्री’ करण्याला ‘वाटप करणे’ आणि ‘मुक्त करणे’ म्हणावे का.

‘वाटप’ येथे बसत नाही, कारण वाटप हे देणाऱ्याचे काम आहे. विकास सोसायटी पीककर्जाचे वाटप करते; शेतकरी ते कर्ज उचलतो आणि सोसायटीलाच फेडतो. एक्स्टेंशन लिहिणारा कर्ज उचलणाऱ्याच्या जागी असतो, म्हणून त्याच्या बाजूने ‘मेमरी मागणे’ किंवा ‘घेणे’ हेच योग्य. ‘मागणे’ मला अधिक आवडते, कारण मागितलेले मिळेलच असे नाही हे त्यात आपोआप येते; मेमरी शिल्लक नसेल तर हाती नल पॉइंटर, म्हणजे कुठलीच जागा न दाखवणारा पत्ता, येतो आणि तो तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘हीप’ मात्र तसाच ठेवावा, ‘ढीग’ करू नये.

‘मुक्त’ या शब्दाला बंधनाची छाया आहे, आणि मेमरी कोणी बांधून ठेवलेली नसते. ‘जागा मोकळी करणे’ हे अस्सल मराठी आहे आणि चुकीचेही नाही. तरीही माझे मत ‘परत करणे’ला आहे, कारण हे क्रियापद ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही आणि या विषयातल्या पुष्कळ चुका नेमक्या त्याच प्रश्नापाशी होतात. पायमेम-मॅलॉक या पायथॉनच्या फंक्शनने घेतलेली मेमरी त्याच्या जोडीच्या पायमेम-फ्रीलाच परत करावी लागते. सीच्या साध्या फ्रीला ती देता येत नाही. पायथॉन ३.६ पासून पायमेम-मॅलॉककडे केलेली ५१२ बाइटपर्यंतची मागणी पायथॉनचा स्वतःचा अलोकेटर (मेमरी देणारा भाग) भागवतो आणि त्याहून मोठी मागणी सीच्या मॅलॉककडे जाते. त्यामुळे मोठा तुकडा चुकीच्या ठिकाणी परत केला तरी प्रोग्राम सुरळीत चालल्यासारखा दिसतो, आणि तोच कोड लहान तुकड्यावर कोसळतो. पायथॉनची मेमरी देणारी फंक्शनेही रॉ, मेम आणि ऑब्जेक्ट अशा तीन गटांत आहेत. एका गटाची मेमरी दुसऱ्या गटाला परत करण्याची चूक शोधण्यासाठी पायथॉनमॅलॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्राम सुरू करताना बाहेरून द्यायच्या सेटिंगला) ‘डीबग’ ही किंमत द्यावी. मग दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या आधी एका अक्षराची नोंद राहते: रॉ गटासाठी आर, मेम गटासाठी एम, ऑब्जेक्ट गटासाठी ओ. परत करताना अक्षर जुळले नाही, तर मेमरी कोणत्या गटाकडून घेतली आणि कोणत्या गटाकडे तपासली गेली हे सांगून प्रोग्राम तिथेच थांबवला जातो.

शिवाय परत केलेली मेमरी लगेच ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते असेही नाही. पुष्कळदा पायथॉनचा अलोकेटर ती पुढच्या मागणीसाठी स्वतःकडेच ठेवतो. ‘मोकळी केली’ असे वाचून प्रोग्रामने व्यापलेली एकूण मेमरी कमी झालेली पाहायला जाणाऱ्याचा यामुळे गोंधळ होतो.

पायथॉनच्या ऑब्जेक्टसाठी मात्र ‘परत करणे’ही लिहू नये. तिथे पाय-डेक्रेफने, म्हणजे ऑब्जेक्टवरच्या हक्कांची मोजणी एकने कमी करून, आपण फक्त आपला हक्क सोडतो. त्याच ऑब्जेक्टवर इतरांचे हक्क असतील तर तो जिवंत राहतो, आणि हक्कांची मोजणी शून्यावर आली की पायथॉनच त्याची विल्हेवाट लावतो. म्हणून टिपणात कच्ची मेमरी ‘परत केली’ आणि ऑब्जेक्टवरचा ‘हक्क सोडला’ अशी दोन वेगळी क्रियापदे ठेवावीत.